अर्धा दिवस, अर्धी बशी : विगान शहरातील ज्येष्ठांची सफर



मुले-नातवंडे परदेशी असलेल्या घरांतून माझ्याकडे एक प्रश्न वारंवार येतो : ‘यांना घेऊन जाऊ का?’ हा प्रश्न बहुधा रुग्ण विचारीत नाही. त्याची काळजी वाहणारी व्यक्ती विचारते, आणि विचारतानाच ‘नको’ हे उत्तर ऐकण्याची तिने मनाशी तयारी केलेली असते.

या वेळचा प्रश्न फिलिपिन्सचा होता. आपल्याकडील पुष्कळ मुलेमुली वैद्यकीय शिक्षणासाठी त्या देशात जातात. अशाच एका विद्यार्थ्याने आजी-आजोबांना सुट्टीत बोलावले आहे आणि त्यांना विगान हे जुने शहर दाखवण्याचे त्याच्या मनात आहे. आजोबा ७४ वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब जुना, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र तरुण. आजींना चिंता दोन : तिथल्या दगडी रस्त्यांवर हे चालतील कसे, आणि तिथल्या पदार्थांपुढे यांना आवरू कसे? ‘यांना हॉटेलातच बसवून ठेवावे लागणार असेल, तर मग जायचे तरी कशाला?’ असे त्या म्हणाल्या. त्यांच्या संमतीने तो प्रश्न आज आपणा सर्वांपुढे मांडीत आहे, कारण असे आजी-आजोबा आपल्या वाचकांत अनेक आहेत.

माझे उत्तर ‘जरूर जा’ असेच आहे. मात्र एका सूत्राने जा. ते सूत्र म्हणजे अर्धा दिवस आणि अर्धी बशी. पाहायचे ते दिवसाच्या दोन थंड टोकांना पाहायचे आणि चाखायचे ते निम्म्या वाटणीत चाखायचे. या सूत्रात विगानमधील फारच थोड्या गोष्टी हातच्या सुटतात.

आधी शरीराची परीक्षा

‘नको’ या उत्तरालाही दुष्परिणाम असतात, हे कुटुंबीयांनी लक्षात घ्यावे. घराबाहेर पडणे थांबले की मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल बिघडतो, भूक मंदावते आणि मन आक्रसते. म्हणून प्रवास नाकारण्यास सबळ कारण हवे. अलीकडेच आलेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, थोड्या श्रमाने छातीत दुखणे, बसल्या जागी लागणारी धाप, सतत वरखाली होणारी साखर, नवख्या जागी गोंधळून जाण्याइतका स्मृतिभ्रंश ही कारणे सबळ आहेत. अशा वेळी प्रवास पुढे ढकलावा आणि आपल्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा.

बाकीच्यांनी निघण्यापूर्वी महिनाभर स्वतःची साधी परीक्षा घ्यावी. सपाट रस्त्यावर मध्ये थांबत-बसत अर्धा तास चालता येते का? कठडा धरून एक मजला चढता येतो का? छातीत न दुखता आणि बोलताना न अडखळता हे दोन्ही जमत असेल, तर विगान आपल्या आवाक्यात आहे. जमत नसेल तर तो महिना सरावाचा समजावा आणि तपासणी करून घ्यावी.

शहराची ओळख

विगान हे लुझोन बेटाच्या वायव्य किनारपट्टीवरील इलोकोस सुर प्रांताचे मुख्य ठिकाण आहे. मनिलापासून ते सुमारे ४०० किलोमीटर उत्तरेस आहे. सोळाव्या शतकाच्या आठव्या दशकात हुआन दे साल्सेदो या स्पॅनिश सरदाराने येथे वसाहत स्थापन केली आणि स्पेनच्या राजपुत्राच्या नावावरून तिला ‘व्हिया फर्नांदिना’ असे नाव दिले. चिनी व्यापारी येथे आधीपासून येत होते. पुढे ते स्थायिक झाले, स्थानिक घराण्यांशी त्यांचे विवाहसंबंध जुळले आणि त्यांच्या वंशजांनी जे वाडे बांधले, तेच आज शहराचे वैभव ठरले आहेत. १९९९ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या वाड्यांचा तळमजला विटा-दगडांचा आणि वरचा मजला लाकडी असतो. खाली माल आणि घोडागाडी, वर कुटुंबाचा राबता, अशी ही रचना. वरच्या सरकत्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, अर्धपारदर्शक चौकोन बसवलेले दिसतात. गोव्याची जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही खिडकी ओळखीची वाटेल, कारण तेथेही त्याच जातीच्या शिंपल्यांतून ऊन गाळून घरात घेतले जाई. गोव्यात पोर्तुगीज आणि विगानमध्ये स्पॅनिश. शेजारच्या दोन देशांनी दोन दूरच्या किनाऱ्यांवर सोडलेल्या या खुणा आहेत.

जाण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा धरावा. मार्च ते मे कडक उन्हाळा असतो आणि जूनपासून पावसाचे व वादळांचे दिवस सुरू होतात. मे महिन्याच्या सुमारास विगानचा कलामहोत्सव भरतो आणि त्याचे आमंत्रण मोहात पाडते. तरी हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तो मोह टाळलेला बरा.

मनिलाहून बसने आठ ते दहा तास लागतात. विमानातून उतरताच त्याच रात्री ही बस पकडणे ज्येष्ठांना झेपणारे नाही. एक रात्र मनिलात विश्रांती घ्यावी, किंवा लाओआगपर्यंत विमानाची सोय होत असेल तर तेथून सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता मोटारीने करावा. बसनेच जाणार असाल तर दर दोन तासांनी उठून चार पावले टाकावीत आणि बसल्या जागी घोटे वरखाली हलवीत राहावे. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी हा उपाय आहे. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिणे ही सवय प्रवासात घातक ठरते.

पाय, पायऱ्या आणि दगडी रस्ता

शहरातील सर्वांत प्रसिद्ध रस्ता म्हणजे काल्ये क्रिसोलोगो. लेखक-नाटककार मेना क्रिसोलोगो यांचे नाव त्याला दिलेले आहे. लांबी जेमतेम अर्धा किलोमीटर, मोटारींना बंदी आणि दोन्ही बाजूंना जुने वाडे; म्हणजे ज्येष्ठांसाठी जणू बेतलेलाच रस्ता. अडचण आहे ती फरसबंदीची. गोल, उंचसखल दगडांवर पाऊल मुरगळते, आणि पाऊस पडून गेला असेल तर ते घसरतेही.

म्हणून चपला नकोत. टाच धरून ठेवणारे, रबरी तळव्याचे, आधीपासून वापरात असलेले बूट घाला. काठीच्या टोकाचे रबर निघण्यापूर्वी नवे बसवून घ्या. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खाली पाहताना पायरी धूसर दिसते. अशा वेळी केवळ डोळे न झुकवता मानच वाकवून पाहावे. सकाळी साडेसहा ते दहा आणि दुपारी साडेचार ते साडेसात या दोन वेळा फिरण्यासाठी ठेवाव्यात. मधला वेळ जेवण आणि विश्रांती. सकाळी रस्ता मोकळा असतो, त्यामुळे धक्काबुक्की होत नाही. संध्याकाळी दिवे लागले की तोच रस्ता वेगळा भासतो.

येथे आपल्या टांग्यासारखी दोन चाकी घोडागाडी मिळते, तिला ‘कालेसा’ म्हणतात. तिची पायरी उंच असते. दोघांनी आधार दिला तर गुडघेदुखीचा रुग्ण तीत बसू शकतो. परंतु हाडांचा ठिसूळपणा आणि पूर्वी मणका दबल्याचा इतिहास असेल तर दगडी रस्त्यावरचे हादरे टाळावेत. अशांनी डांबरी रस्त्याने मोटार करून चौकापर्यंत यावे आणि तेथून सावकाश चालावे.

शहराच्या मध्यभागी दोन चौक आहेत. प्लाझा साल्सेदोत संध्याकाळी रंगीत कारंज्यांचा खेळ होतो. बसून पाहण्याजोगा हा कार्यक्रम आहे, मात्र अंधार आणि गर्दी असल्याने सोबत्याचा हात सोडू नये. जवळच सेंट पॉल कॅथेड्रल आहे. आजची वास्तू अठराव्या शतकाच्या अखेरची. हा भूकंपाचा मुलूख असल्याने चर्चच्या भिंती जाड व आधारभिंतींनी पेललेल्या आहेत, आणि घंटेचा अष्टकोनी मनोरा मुख्य इमारतीपासून अलग उभा केला आहे, जेणेकरून तो कोसळला तरी चर्चवर कोसळू नये. हा भूकंपाचा धोका केवळ इतिहासजमा नाही. जुलै २०२२ मधील मोठ्या भूकंपात विगानच्या वाड्यांची आणि शेजारच्या बांताय गावातील जुन्या घंटामनोऱ्याची हानी झाली होती. कोणत्या वास्तू खुल्या आहेत याची चौकशी नातवंडांनी आधीच करून ठेवावी, म्हणजे ज्येष्ठांची फेरी वाया जात नाही.

वाडे आणि संग्रहालये पाहताना जिना चुकत नाही, कारण पाहण्याजोगे बहुतेक सारे वरच्या मजल्यावर असते. गुडघेदुखीच्या रुग्णांना मी नेहमी सांगतो ते येथेही पाळावे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कठड्यावर. दिवसाला एकच वाडा पाहावा. निवड करायची झाल्यास राष्ट्रीय संग्रहालयाला पहिला मान द्यावा. फादर होसे बुर्गोस यांचा जन्म १८३७ मध्ये याच शहरात झाला; १८७२ मध्ये स्पॅनिश सत्तेने त्यांना अन्य दोन धर्मगुरूंसह मृत्युदंड दिला आणि त्या घटनेने फिलिपिनो राष्ट्रभावनेला मोठी चालना मिळाली. त्यांचे घर या संग्रहालयाचा भाग आहे. देशाचे सहावे राष्ट्राध्यक्ष एल्पिदिओ किरिनो यांचा जन्म १८९० मध्ये येथल्या तुरुंगाच्या इमारतीत झाला, कारण त्यांचे वडील तेथे नोकरीस होते.

राहण्यासाठी जुन्या वाड्यातील खोली आकर्षक वाटते. ती घेताना मात्र तीन गोष्टी विचारा : तळमजल्यावर आहे का? न्हाणीघरात धरायला दांडी आहे का? रात्री पलंगापासून शौचालयापर्यंत उजेड राहतो का? प्रवासातील पडणे बहुतेकदा रस्त्यावर होत नाही. ते रात्री, परक्या खोलीत, अर्धवट झोपेत होते.

बशीत काय आणि किती

आता आजोबांच्या आवडीच्या विषयाकडे वळू. इलोकोसचे जेवण लसूण, उसाचा सिरका आणि आंबवलेली मासळी या तीन चवींवर उभे आहे. त्यात भाज्या भरपूर असतात, पण डुकराचे मांसही तितकेच असते. ‘नाइमास’ म्हणजे ‘चविष्ट’, हा एक इलोकानो शब्द शिकून ठेवा. वाढणाऱ्याला आनंद होईल आणि आपल्याला जास्त खाऊन पसंती दाखवावी लागणार नाही.

विगानची ‘लोंगानिसा’ म्हणजे बोटभर लांबीची, लसूण व सिरका घातलेली डुकराच्या मांसाची सॉसेज. गोव्याच्या चोरिसची ही लांबची बहीण म्हणता येईल. ती न्याहारीला परतलेला भात आणि अंड्यासोबत वाढतात. तीत मीठ आणि चरबी दोन्ही भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ सुचवले आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने एक लोंगानिसा घ्यावी, पूर्ण शिजलेली आहे ना हे पाहावे, परतलेल्या भाताऐवजी साधा भात मागावा आणि त्या दिवशी दुसरा खारट पदार्थ घेऊ नये. कच्च्या लोंगानिसाची माळ घरी आणण्याचा विचार करू नये. उष्ण हवेत ती प्रवासात टिकत नाही.

प्लाझा बुर्गोसमधील ‘एम्पनाडा’ हा विगानचा दुसरा मानबिंदू. तांदळाच्या पिठाची पातळ पारी, त्यात किसलेली कच्ची पपई, अंडे आणि लोंगानिसाचे सारण. घडी घालून ती कढईत सोडतात. आपल्या करंजीचा हा मोठा, खारा अवतार आहे. समोर तळून गरम देतात, त्यामुळे जंतूंच्या दृष्टीने ती उघड्यावर ठेवलेल्या थंड पदार्थांपेक्षा सुरक्षित असते. दोघांत एक घ्यावी आणि अंडे पूर्ण घट्ट करायला सांगावे. सोबतचा सिरका चवीसाठी उपयोगी आहे. मिठाची उणीव तो भरून काढतो. मात्र आम्लपित्त असलेल्यांनी थेंबांवर थांबावे. कोळंबीची भजी म्हणता येईल असा ‘ओकोय’ही तेथेच मिळतो, कोलंबी-खेकड्याचे वावडे असणाऱ्यांनी तो टाळावा.

‘बागनेट’ म्हणजे डुकराच्या पोटाकडचे मांस उकडून पुन्हा कुरकुरीत तळलेले. हृदयविकाराच्या रुग्णाने एक तुकडा चाखावा आणि बशी पुढे सरकवावी. कवळी असलेल्यांनी तोही टाळावा, कारण त्याची साल दाताला अवघड असते. ‘सिनांगलाव’ हे गाईबैलांच्या आतड्या-अवयवांचे आंबट सूप असते. अनेक वाचकांना ते वर्ज्य असेलच. ज्यांना वर्ज्य नाही पण गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा त्रास आहे, त्यांनी अवयवांचे मांस पूर्णपणे टाळावे. परक्या गावी अंगठा सुजून बसण्याइतकी कोणत्याही सुपाची किंमत नसते.

आता आनंदाची बाजू. इलोकोसची ‘पोकी-पोकी’ म्हणजे भाजलेले वांगे, कांदा, टोमॅटो आणि अंडे. आपल्या भरताचीच जात. मऊ, बिनमसाल्याची आणि कवळीधारकांना सुखाची. ‘पिनाकबेट’मध्ये कारले, वांगे, भेंडी, टोमॅटो, भोपळा असे एकत्र शिजवतात. ‘दिनेंगदेंग’ या पातळ रस्सेदार भाजीत शेवग्याचा पालाही असतो. मधुमेहींसाठी ही पाने-भाज्या उत्तम. फक्त त्यांत चवीला ‘बागोओंग’, म्हणजे मिठात आंबवलेली मासळी घालतात. ‘कमी घाला’ असे आधी सांगावे आणि रस्सा न पिता भाजी खावी. दोन सावधगिरीच्या सूचना. कारल्याची भाजी खाल्ली म्हणून साखरेची गोळी वगळू नये. आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर शेवग्याचा पाला एकदम भरपूर खाऊ नये. हिरव्या पाल्यातील ‘के’ जीवनसत्त्वाने त्या गोळीचा परिणाम कमी होतो.

शाकाहारी वाचकांनी हे ध्यानी ठेवावे की तिथली ‘भाजी’ दिसायला शुद्ध भाजी असली तरी मासळीशिवाय क्वचितच असते. साधा भात, उकडलेली कणसे, केळी, आंबा, पपई यांवर दिवस निघतो. सोबत मेतकूट, भाजलेले पोहे, मुगाचे भाजके पीठ असे घरचे पदार्थ न्यावेत. परदेशात नेण्याचे नियम आधी पाहून घ्यावेत. ‘बिबिंका’ हे नाव ऐकून गोव्याची बेबिंका आठवेल, पण विगानची बिबिंका वेगळी : पिठाची, मऊ, वरून चीज घातलेली. तीत अंडे असू शकते. बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट तांदूळ व नारळाचा ‘तिनुबोंग’ही गोडच. मधुमेहींनी दिवसाला एकच गोड चव, तीही जेवणाच्या जागी नव्हे तर जेवणातला थोडा भात कमी करून घ्यावी.

बासीचा पेला आणि साखरेचा तोल

उसाच्या रसापासून केलेल्या ‘बासी’ या मद्याला येथे इतिहास आहे. स्पॅनिश सत्तेने बासी गाळण्याचा लोकांचा हक्क काढून घेतला, त्या असंतोषातून १८०७ च्या सप्टेंबरमध्ये इलोकोसमध्ये उठाव झाला आणि तो चिरडला गेला. १८२१ मध्ये एस्तेबान व्हियानुएव्हा यांनी त्या उठावाची १४ चित्रे काढली. ती विगानच्या संग्रहालयात आहेत आणि आवर्जून पाहावीत. बासीचा हा परिचय ज्येष्ठांना पुरेसा आहे, असे माझे मत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने रिकाम्या पोटी मद्य घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि त्याची झिंग ‘थोडी जास्त झाली’ म्हणून सोबतचे दुर्लक्ष करतात.

साखर उतरण्याचा धोका मद्याशिवायही असतो, कारण प्रवासात चालणे वाढते आणि जेवण लांबते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसताच आधी तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, मग साखर मोजावी. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी असेल तर छातीतील धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो, म्हणून घामावर लक्ष ठेवावे.

फिलिपिन्सचे घड्याळ आपल्या पुढे अडीच तास आहे. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्या तिथल्या वेळेनुसार घेतल्या तरी चालते. इन्सुलिनचे वेळापत्रक मात्र निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन हाताच्या पिशवीत ठेवावे. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते आणि बर्फाला चिकटवूनही ते ठेवू नये. सर्व औषधांची चिठ्ठी मूळ औषधी नावांनी लिहिलेली असावी, कारण व्यापारी नावे देशोदेशी बदलतात. सोबत जुन्या हृदयआलेखाची प्रत, आणि आधीचे आजार न लपवता काढलेला प्रवास-विमा. आणीबाणीच्या मदतीसाठी तेथील क्रमांक ९११ आहे.

बाटलीबंद पाणी प्यावे, बर्फ टाळावा. लघवी वाढवणाऱ्या किंवा लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उलट्या-जुलाबांत शरीर लवकर कोरडे पडते. त्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हेही आधीच विचारून ठेवावे. जलसंजीवनीच्या चार पुड्या सोबत असाव्यातच.

काळजीवाहकाचाही प्रवास

आता आजींविषयी, आणि त्यांच्यासारख्या सर्वांविषयी. रुग्णासोबत प्रवासाला गेलेली व्यक्ती गोळ्या, पाणी, पायऱ्या आणि पथ्य पाहत असते; शहर पाहायचे तिच्याकडून राहून जाते. चार दिवसांच्या मुक्कामात किमान एक अर्धा दिवस तिचा असावा. त्या वेळी नातवाने आजोबांजवळ बसावे. बैठकीतले कारंजे, वाचन, झोप, काहीही चालेल.

त्या अर्ध्या दिवसासाठी विगानमध्ये दोन सुरेख ठिकाणे आहेत. एक, हातमागावर विणले जाणारे ‘आबेल’ कापड. दुसरे, ‘बुर्नाय’ नावाच्या मातीच्या बरण्या घडवणाऱ्या कुंभारांची वस्ती. चिनी कारागिरांकडून आलेली ही कला. माती रेड्यांच्या पायांखाली तुडवून घेतात, चाकावर घडवतात आणि लांबलचक भट्टीत भाजतात. याच बरण्यांत सिरका, बासी आणि बागोओंग मुरतात. नावाचे साम्य योगायोगाचे असो वा नसो, काम मात्र आपल्या लोणच्याच्या बरणीचेच. स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेल्या स्त्रीला ही वस्ती पाहताना जे कळेल, ते मार्गदर्शकालाही सांगता येणार नाही.

पथ्याचा पहारेकरी होण्याचे कामही एकट्या पत्नीवर किंवा सुनेवर टाकू नये. काय, किती आणि कधी खायचे हे रुग्णाने स्वतः निघण्यापूर्वी कागदावर लिहावे. ‘एम्पनाडा अर्धी, लोंगानिसा एक, बागनेट एक तुकडा, गोड दिवसाला एकदा’ असा स्वहस्ते लिहिलेला करार असला की बाजारात वाद होत नाहीत. मनाई परक्याने केली की मोडावीशी वाटते. मर्यादा स्वतः घातली की ती पाळण्यात अभिमान वाटतो, असा माझा दवाखान्यातला अनुभव आहे.

फिलिपिनो घरांत लहानांनी मोठ्यांचा हात हाती घेऊन तो आपल्या कपाळाला लावण्याची, ‘मानो’ची रीत आहे. आपल्या पाया पडण्याच्या जवळची ही रीत आहे. तेथील लोक वृद्धांना सहज जागा देतात, हात देतात. ती मदत घेताना संकोच करू नये. जिन्यापाशी कोणी हात पुढे केला, तर तो धरावा.

परतल्यावर आठवडाभर सकाळची साखर आणि रक्तदाब यांची नोंद ठेवा. पायावर सूज, एकाच पोटरीत दुखणे किंवा नव्याने धाप लागणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दोन आठवड्यांत ताप आला, तर फिलिपिन्सला जाऊन आल्याचे आवर्जून सांगा. डासांमुळे होणारा डेंग्यू तेथेही आहे, आणि रक्ततपासणी होईपर्यंत मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, पॅरासिटामॉलपुरतेच थांबा. तेथे कुत्रे किंवा मांजर चावले-ओरबाडले असेल, तर जखम तत्काळ साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि परतण्याची वाट न पाहता तेथेच रेबीजची लस सुरू करावी. नोंदवही पुढच्या तपासणीला सोबत आणा. पुढील प्रवासाचा बेत त्या वहीवरून ठरवू.